पत आणि परीक्षा

आमच्या गावी बाजाराच्या तोंडाशी एक किराणा दुकान होते. दुकानदाराच्या गादीखाली लाल कापडी बांधणीची एक वही असे. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस त्या वहीला फार मान. रवा, साखर, डालडा नि खोबरे ज्यांच्या घरी रोख पैशावाचून जायचे, त्यांची नावे तीत उतरत. माझी आई हातात पिशवी देऊन मला पाठवी आणि सांगे, "वाणीकाकांना म्हणावं, लिहून ठेवा." वाणीकाका चष्म्यावरून माझ्याकडे बघत, कानावरची पेन्सिल काढीत नि लिहीत. कधी एखाद्या गिऱ्हाइकाला मात्र ते हात जोडून म्हणत, "आज वही सापडत नाही हो!" वही गादीखालीच असे. सापडत नसे ती त्या गिऱ्हाइकाची पत.

परवा माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा न्यू जर्सीहून फोन आला, तेव्हा ही वही मला आठवली. मुलगी तिथल्या शाळेत शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे आपल्याकडची बारावी. मोठ्या आनंदाने म्हणाली, "मावशी, माझे कॉलेजचे बारा क्रेडिट झालेसुद्धा!"

"अगं, पण तू अजून शाळेत जातेस ना?"

"हो, शाळेतच झाले!"

मला उलगडा होईना. ज्या कॉलेजात पाऊल टाकले नाही, त्याच्या वहीत हिच्या नावावर जमा कशी? मग कोश उघडून पाहिला. क्रेडिट ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला 'विश्वास ठेवणे' हा धातू आहे. म्हणजे वाणीकाकांच्या वहीत नि अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वहीत एकच गोष्ट लिहिलेली असते. सरकारी मराठीत तिला श्रेयांक म्हणतात. मला आपला 'पत' हाच शब्द जवळचा वाटतो.

शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलाला कॉलेजने पत कशी दिली, प्रथम कोणाला दिली, आणि कोणाला देताना तिचा हात आखडला, ह्याची हकिकत मी त्यानंतर जमेल तशी वाचीत गेले. ती मोठी मनोरंजक आहे, आणि एके ठिकाणी मनाला चटका लावणारीही आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. दहावीला मॅट्रिक म्हणण्याची आमच्या घरची जुनी खोड आहे, ती मलाही लागली. कॉलेजची इमारत मी बाहेरूनच पाहिली. त्यामुळे ह्या दरवाजाविषयीचे माझे कुतूहल माजघरातल्या माणसाचे नाही, अंगणात उभ्या असलेल्या माणसाचे आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मॅट्रिक हा शब्दही अखेर वहीतूनच आलेला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नोंदवही. विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव चढले की मनुष्य मॅट्रिक झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याच पहिल्या तुकडीतले. पुढे कितीतरी वर्षे शाळेतल्या मुलांची शेवटची परीक्षा विद्यापीठच घेत असे. स्वातंत्र्यानंतर ते काम एस.एस.सी. बोर्डाकडे आले. परंतु परीक्षा कोणीही घेवो, तिचे स्वरूप उंबरठ्याचे राहिले. उंबरठा ओलांडला की आत प्रवेश. त्याच्या अलीकडे मुलगा कितीही शिकलेला असो, पलीकडच्या वहीत त्याची नोंद नाही. एखादा मुलगा नववीतच लॉगरिथमची कोष्टके मिटून उदाहरणे सोडवीत असला, तरी कॉलेजने त्याला पहिल्या पानापासूनच आरंभ करावयास लावायचे.

अमेरिकेतही असा उंबरठा होता. पण तो ज्या मापाने बांधला गेला, त्याची जन्मकथा मजेदार आहे. १९०५ साली पोलादाच्या धंद्यात अपार पैसा मिळविलेले अँड्र्यू कार्नेगी ह्यांनी कॉलेजांतल्या वृद्ध प्राध्यापकांना पेन्शन मिळावी म्हणून एक कोटी डॉलर काढून ठेवले. देणगीचे काम पाहणाऱ्यांपुढे पहिलाच प्रश्न आला: कॉलेज म्हणायचे कशाला? कारण त्या काळी शाळेचे वर्ग चालवून वर कॉलेजची पाटी लावलेल्या संस्था तिकडे उदंड होत्या. तेव्हा नियम झाला की, शाळेत ठराविक अभ्यास पुरा केलेल्या मुलांनाच जे प्रवेश देते ते कॉलेज. हा अभ्यास मोजायला एक माप ठरविण्यात आले. एक विषय, एक वर्ष, सुमारे १२० तास, म्हणजे एक एकक. अशी चौदा एकके गाठीला असली की मुलगा कॉलेजला लायक. पेन्शन कोणाला नको असते? कॉलेजांनी नियम उचलला आणि कॉलेजांपाठोपाठ शाळांनीही. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या निर्वाहासाठी निघालेले माप असे साऱ्या देशातल्या मुलांच्या मानगुटीवर बसले! कॉलेजांतही तासांवरूनच क्रेडिटचा हिशेब चालू झाला. आठवड्याला तीन तासांचा एक सत्राचा विषय म्हणजे साधारण तीन क्रेडिट, आणि पदवीला अशी सुमारे १२० क्रेडिट.

ह्या मापाचा गुण असा की, ते कोणत्याही गावी चालते. मुलगा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला तरी त्याचा हिशेब बुडत नाही. दोष असा की, ते बसण्याचे माप आहे, समजण्याचे नव्हे. मी रोज वर्ग घेते. एकशेवीस तास बसून कोरडी राहिलेली मुले मी पाहिली आहेत, आणि बारा तासांत चिंब झालेलीही पाहिली आहेत. तासांच्या वहीत दोघांची जमा सारखीच.

हा दोष लोकांच्या डोळ्यांवर आला तो कोरियाच्या लढाईच्या दिवसांत. लढाई १९५० साली पेटली. शाळा संपवून मुलगा कॉलेजात जातो न जातो तोच त्याला सैन्याचे बोलावणे यायचे. तेव्हा त्याआधीच त्याच्या पदरात कॉलेजचे वर्ष-दोन वर्षांचे शिक्षण पडावे, असा विचार निघाला. १९५१ साली फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून चालणाऱ्या शिक्षणविषयक निधीने काही हुशार मुलांना शाळा पुरी होण्यापूर्वीच, सोळा-साडेसोळा वर्षांच्या वयात, सरळ कॉलेजात नेण्याची योजना आखली. येल, कोलंबिया, शिकागो आणि विस्कॉन्सिन ही तिच्यातली पहिली नावे.

ह्या योजनेला ओहायो राज्यातल्या गॅम्बियर नावाच्या लहानशा गावातून विरोध झाला. तिथल्या केन्यन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन कीथ चामर्स ह्यांचे म्हणणे असे की, सगळी तल्लख मुले दोन वर्षे आधीच उचलून नेलीत तर शाळांत उरेल काय? आणि सोळा वर्षांच्या पोराने घरदार नि सवंगडी सोडून एवढ्या लवकर मोठे का व्हावे? मुलाला कॉलेजात नेण्याऐवजी कॉलेजचा अभ्यासच शाळेत आणावा. शाळेच्या शिक्षकाने तो शिकवावा, नि मुलगा उतरला कसोटीला तर कॉलेजने तेवढी जमा त्याच्या नावावर मांडावी. शाळेतल्या मास्तरावर कॉलेजने विश्वास टाकावा असे एका कॉलेजच्याच अध्यक्षाने म्हणावे, ह्याचे मला फार अप्रूप वाटते.

बारा कॉलेजे त्यांच्या बाजूने उभी राहिली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी मातबर संस्थाही त्यांत होती. त्याच सुमारास अँडोव्हर, एक्झेटर नि लॉरेन्सव्हिल ह्या तीन खानदानी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे ह्यांनीही मिळून ह्याच प्रश्नाचा अभ्यास केला. १९५२ साली त्यांचा अहवाल निघाला. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत मुलगा जे शिकतो, त्यातले पुष्कळसे त्याला कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत पुन्हा शिकावे लागते, असे त्यांना आढळले. तोच इतिहास, तेच वाङ्मय, तेच गणित. ताटात वाढलेली पोळी उचलून तीच पुन्हा वाढावी, आणि दोन पोळ्या खाल्ल्या म्हणून हिशेब लावावा, असा हा प्रकार.

केन्यनच्या योजनेतली पहिली परीक्षा १९५४ साली झाली. तिच्यात एक चतुराई होती. तोच पेपर कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही घातला होता. निकाल पाहिला, तो शाळेची मुले कॉलेजच्या मुलांच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर सरसच उतरली! मग शंकेला जागा राहिली नाही. १९५५ साली कॉलेज बोर्ड ह्या परीक्षामंडळाने योजना आपल्या हाती घेतली आणि तिचे नाव अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट असे पडले. १९५६ सालच्या परीक्षेला १०४ शाळांतले १,२२९ विद्यार्थी बसले. त्यांनी मिळून २,१९९ पेपर दिले. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या ऑक्टोबरात, रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, आणि आपली मुले विज्ञानात मागे पडत आहेत ह्या धास्तीने अमेरिकेत शिक्षणावर पैसा ओतला जाऊ लागला. त्या पुरात ही योजनाही वर आली.

परीक्षेची रीत साधी आहे. शिक्षक वर्षभर कॉलेजच्या तोडीचा एखादा विषय शाळेत शिकवितात. मे महिन्यात सगळ्या देशात एकच परीक्षा होते. काही प्रश्नांची उत्तरे यंत्र तपासते. लिहिलेली उत्तरे तपासायला शाळांतले शिक्षक आणि कॉलेजांतले प्राध्यापक एकत्र जमतात. एकापासून पाचापर्यंत श्रेणी मिळते. तीन वा अधिक मिळाले तर बरे समजायचे. क्रेडिट द्यायचे की नाही आणि किती, हे मात्र ज्या त्या कॉलेजच्या मर्जीवर.

ह्याशिवाय दुसरीही एक वाट पडली. तिच्यात एका दिवसाच्या परीक्षेवर सारे अवलंबून नसते. कॉलेजचाच विषय शाळेत शिकवितात, नि वर्षभराच्या कामावरून कॉलेज आपले क्रेडिट देते. कनेक्टिकट विद्यापीठाने १९५५ साली, तर सिराक्यूज विद्यापीठाने १९७२ नंतर हे काम पुष्कळ शाळांतून पसरविले. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून शाळेतल्या मुलांना कॉलेजात जाऊन शिकण्याची मुभा दिली, आणि खर्च राज्याने उचलला. गरिबाच्या मुलाला ह्यात केवढा आधार! कॉलेजची फी तिकडे भल्याभल्यांची कंबर मोडते. शाळेतच एक वर्ष पदरी पडले, तर त्या वर्षाची फी वाचली.

परंतु गरिबाचे मूल ह्या दारापाशी येईतो बराच काळ गेला. अँडोव्हर नि एक्झेटरच्या मुलांवर विश्वास ठेवणे कोणाला जड गेले नव्हते. त्यांच्या आडनावांनाच पत होती. खरी कसोटी लागली ती पूर्व लॉस एंजेलिस भागातल्या गारफील्ड हायस्कुलात. आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती एका शिक्षकाची आहे, म्हणून तिला थोडी जागा जास्त देते.

जेम एस्कलांते हे बोलिव्हिया देशातल्या ला पाझचे. जन्म १९३० सालचा. आईबाप दोघेही शिक्षक. स्वतः ते ला पाझमध्ये गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत, आणि नाणावलेले शिक्षक होते. तिशी उलटल्यावर ते कॅलिफोर्नियात आले. इंग्रजी येत नव्हते आणि तिकडच्या पदवीला इकडे कवडीचीही किंमत नव्हती. वाणीकाकांच्या भाषेत सांगायचे तर वही सापडत नव्हती! तेव्हा हा मनुष्य एका उपाहारगृहात फरशी पुसू लागला. पुढे स्वयंपाकी झाला, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात लागला. दिवसा काम नि रात्री शिक्षण असे करीत त्यांनी पहिल्यापासून सगळे पुन्हा केले, पदवी घेतली, शिक्षकाचा परवाना मिळविला, आणि १९७४ साली कारखान्यातली चांगली नोकरी सोडून ते गारफील्ड हायस्कुलात रुजू झाले. वय त्रेचाळीस.

त्या शाळेतली बहुतेक मुले मेक्सिकोतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांतली. शाळेचीच मान्यता जाते की काय, अशी अवस्था. अशा मुलांना बेरीज-वजाबाकी आली तरी पुरे, असे मानणारेच लोक अधिक. एस्कलांते ह्यांनी कॅल्क्युलस शिकवायचे ठरविले. मुलांजवळ एकच गोष्ट पाहिजे असे ते म्हणत. स्पॅनिशमध्ये तिला 'गानास' म्हणतात. आपल्याकडे 'हौस' म्हटले तर ते हलके होते, 'जिद्द' म्हटले तर जड होते. ह्या दोहोंच्या मधले काहीतरी. पहिल्या खेपेला, १९७९ साली, परीक्षेपर्यंत पाच मुले टिकली नि दोन पास झाली. त्यांनी धीर सोडला नाही. शाळा भरण्यापूर्वी, शाळा सुटल्यावर, शनिवारी ते मुलांना घेऊन बसत. उन्हाळ्याच्या सुटीत जवळच्या कॉलेजात वर्ग भरवीत. बेन हिमेनेझ नावाचे सहशिक्षक त्यांच्या मदतीला आले. १९८१ साली पंधरांपैकी चौदा मुले पास झाली.

१९८२ साली अठरा मुले बसली आणि अठराही पास! शाळेत दिवाळीच झाली म्हणा. पण हा आनंद फार टिकला नाही. परीक्षेचे काम पाहणारी संस्था न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनची. तिने चौदा मुलांच्या गुणांवर शंका घेतली. कितीतरी मुलांनी सहाव्या प्रश्नात अगदी एकसारखीच चूक केली होती. अक्षरांची निवडही सारखीच, आणि तीही नेहमीची नव्हे. संस्थेने मुलांना कळविले: एक तर हे गुण सोडा, नाही तर परीक्षा पुन्हा द्या.

गावात संताप उसळला. मुलांची आडनावे स्पॅनिश नसती आणि शाळा गरीब वस्तीतली नसती तर हा संशय आला असता काय, असा एस्कलांते ह्यांचा सवाल होता. आम्ही नावे पाहत नाही, उत्तरे पाहतो, असे संस्थेचे म्हणणे.

ही हकिकत वाचताना इथे मी पुस्तक मिटून ठेवले. कारण मला माझ्या वर्गातली गोष्ट आठवली. ती सांगायला लाज वाटते, पण सांगते. काही वर्षांपूर्वी सातवीला सरळव्याजाचे उदाहरण घातले होते. एक हजार रुपये, दसादशे दहा दर, मुदत दीड वर्ष. उत्तर दीडशे. दोन पेपरांत उत्तर आले एकशे ऐंशी. दोघांनीही दीड वर्षाचे अठरा महिने केले होते, आणि अठरा महिन्यांचे पुन्हा वर्षांत रूपांतर करताना १.८ लिहिले होते. इतकी विचित्र चूक दोघांना एकदम सुचेल कशी? एक मुलगा वर्गातला हुशार. दुसऱ्याचा बाप विटांच्या भट्टीवर कामाला. मी कोणाला उभे केले असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. चार पोरांदेखत त्याला "नक्कल केलीस ना?" म्हणून विचारले. तो काही बोलला नाही. नुसता बुटांकडे, म्हणजे बूट नसलेल्या पायांकडे, बघत राहिला. आठवड्याने एका मुलीची वही तपासायला घेतली. तीत तारीख घालून, फळ्यावरून उतरविलेले एक उदाहरण होते. अठरा महिने म्हणजे १.८ वर्षे. तो फळा मी लिहिलेला होता! घाईघाईत झालेली माझी चूक त्या दोन पोरांनी इमानाने जपून ठेवली होती. दोघे वर्गाच्या दोन टोकांना बसत, हेही मला तेव्हाच आठवले.

दुसऱ्या दिवशी वर्गापुढे मी चूक कबूल केली आणि त्याची क्षमा मागितली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. पण तो मुलगा त्यानंतर कितीतरी दिवस हात वर करीनासा झाला. पत एकदा नाकारली की माणूस दुकानाची पायरी चढायचेच सोडून देतो.

गारफील्डच्या मुलांनी ती पायरी सोडली नाही. चौदांपैकी बारा जणांनी पुन्हा परीक्षा द्यायचे पत्करले. उन्हाळ्याची सुटी संपत आली होती. तयारीला हाताशी मोजके दिवस. ऑगस्टच्या अखेरीस नवा पेपर झाला, देखरेख कडक. बाराच्या बाराही उत्तीर्ण झाली, आणि त्यांचे गुण त्यांना परत मिळाले. १९८८ साली ह्या कथेवर 'स्टँड अँड डिलिव्हर' नावाचा चित्रपट निघाला.

चित्रपट इथे संपतो. इतिहासाला मात्र थोडे पुढे जावे लागते. जे मॅथ्यूज नावाच्या पत्रकारांनी एस्कलांते ह्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे प्रेम पुरेपूर, तरी त्यांनी शोध सोडला नाही. मुलांच्या उत्तरपत्रिका त्यांनी मिळवून पाहिल्या. नऊ जणांची सहाव्या प्रश्नातली चूक खरोखरच हुबेहूब होती. दोघांनी त्यांना असेही सांगितले की, त्या चुकीच्या उत्तराचा एक कागद परीक्षेच्या वेळी हातोहात फिरला होता. म्हणजे संस्थेचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

हे वाचून माझे मन क्षणभर खट्टू झाले. माझ्या वर्गातला मुलगा निर्दोष होता, तसेच हेही सगळे निर्दोष निघावेत, असे मला वाटत होते. पण विचार करता करता ही गोष्ट मला चित्रपटापेक्षा मोठी वाटू लागली. एका प्रश्नाला घाबरलेल्या पोरांनी कदाचित एक कागद फिरविला असेल, आणि तो कागदही चुकीचाच निघाला. परंतु त्याच पोरांनी दुसऱ्यांदा, कडक पहाऱ्यात, नव्या पेपरावर, आपल्याला कॅल्क्युलस येते हे दाखवून दिले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. श्रीमंत शाळेतले मूल चुकले तर त्याचा खोडकरपणा, आणि गरीब वस्तीतले चुकले तर त्याच्या साऱ्या विद्येचाच इन्कार, असा न्याय जगात चालतो. गारफील्डच्या मुलांनी तो चालू दिला नाही.

पुढे त्या शाळेने चमत्कारच केला. १९८७ साली देशातल्या जेवढ्या मेक्सिकन वंशाच्या मुलांनी कॅल्क्युलसची ही परीक्षा पास केली, त्यांतली चौथ्या हिश्श्याहून अधिक एकट्या गारफील्डची होती. ह्याचा अर्थ दुहेरी आहे. एका शाळेने केवढे करून दाखविले, आणि बाकीच्या शाळांत मुलांना कोणी विचारलेच नव्हते! १९९१ साली एस्कलांते ती शाळा सोडून गेले, आणि मागे तो जोम राहिला नाही. २०१० साली ते वारले. २०१६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्याच्या पदवीला एके काळी किंमत नव्हती, त्याचे चित्र पाकिटावर किंमत म्हणून चिकटू लागले.

आज ह्या परीक्षेला दरवर्षी वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. १९५६ सालच्या बाराशेंशी ताडून पाहावे. पण जत्रा वाढली की देवळातल्या मानकऱ्यांची कपाळे चढतात, तसे इथेही झाले. डार्टमथसारख्या नामांकित कॉलेजने २०१३ साली जाहीर केले की, पुढे येणाऱ्या मुलांना ह्या परीक्षेवर पदवीसाठी क्रेडिट मिळणार नाही. २०१८ साली वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खाजगी शाळांनी हे अभ्यासक्रम बंद करण्याचे ठरविले. त्यांची कारणे अगदीच खोटी नाहीत. परीक्षेपुरते घोकणे वाढले, शिकण्यातली गोडी गेली, असे ते म्हणतात, आणि कोणता शिक्षक ह्यावर मान डोलावणार नाही? तरी एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. ह्या वाटेची आखणी खानदानी शाळांनी केली. ती सगळ्यांच्या पायाखालची झाली, तेव्हा त्याच थरातल्या शाळांना ती नकोशी झाली.

आता हे वारे आपल्याकडेही आले आहे. २०२१ साली आपल्या देशात क्रेडिटची बँक निघाली. तिचे नावच अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२३ साली राष्ट्रीय क्रेडिट आराखडा जाहीर झाला. त्यात पाचवीच्या वर्गापासून पीएच.डी.पर्यंत साऱ्या अभ्यासाला एकच माप लावले आहे. वर्षाला १,२०० तासांचा अभ्यास नि त्याची ४० क्रेडिट. कागद वाचताना मला कार्नेगींच्या पेन्शनीची आठवण झाली. पुन्हा तासच! माप हवे, ह्यात वाद नाही. मापाशिवाय वाण्याचे दुकान चालत नाही आणि शाळाही चालत नाही. पण उद्या एखाद्या आडगावच्या शाळेतला मास्तर कॉलेजच्या तोडीचे शिकवू लागला, नि त्याच्या पोरांना एकदम भरघोस गुण मिळाले, तर आपण प्रथम काय म्हणू? 'शाबास' म्हणू, की 'नक्कल केली असेल' म्हणू? आराखड्याची खरी परीक्षा त्या दिवशी आहे. कोणास ठाऊक, त्या दिवशी तपासनिसाच्या खुर्चीवर माझ्यासारखीच कोणी बसलेली असेल.

वाणीकाका आता नाहीत. दुकान त्यांचा मुलगा चालवितो, आणि लाल वहीच्या जागी संगणक आला आहे. एकदा माझ्या आईने त्यांना विचारल्याचे मला आठवते. गावात नवीनच आलेल्या एका कुटुंबाला त्यांनी दिवाळीचे सामान उधार दिले होते. आई म्हणाली, "काका, तुम्ही ह्यांना ओळखत नाही, पाळखत नाही. पैसे देतील कशावरून?"

वाणीकाका पेन्सिल कानावर ठेवीत म्हणाले, "वहिनी, पहिल्यांदा लिहिल्याशिवाय ते कळणार कसं?"